ऑफर आली, पण ब्लेझर अजून बाकी आहे: इयर सेव्हनच्या आधीचे सहा महिने

फेब्रुवारीच्या मध्यावर शाळेत जागा मिळाल्याचा ईमेल येतो. त्याआधीची दोन वर्षं घरात व्हर्बल रीझनिंगची पुस्तकं, शनिवारची ट्यूशन, मॉक परीक्षा आणि जानेवारीतला इंटरव्ह्यू यांचंच राज्य असतं. ईमेल उघडला जातो, किंचाळून होतं, वेम्बलीहून पेढे येतात, गावाकडे फोन होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लक्षात येतं, की इथपर्यंत कसं पोचायचं हे सांगणारे शंभर जण भेटले. पोचल्यावर काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही.

हा लेख त्या चहाच्या वेळेसाठी आहे. इंग्लंडमध्ये, त्यातही लंडनच्या आसपास, प्रवेश परीक्षा घेणाऱ्या खासगी सेकंडरी शाळेत, इयर सेव्हनमध्ये म्हणजे अकराव्या वर्षी सुरू होणाऱ्या तिथल्या पहिल्या इयत्तेत, तुमचं मूल सप्टेंबरला जाणार आहे आणि घरातलं कुणीही याआधी अशा शाळेत शिकलेलं नाही, असं मी धरून चालते. आमच्याकडे हे दोनदा झालं. पहिल्या वेळी, लेकीच्या बाबतीत, बऱ्याच चुका केल्या. दुसऱ्या वेळी, धाकट्याच्या बाबतीत, वेगळ्या केल्या.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अकरा-प्लसची, म्हणजे या प्रवेश परीक्षेची, तयारी खरं तर आईबापच करतात. वेळापत्रक आपलं, गाडी आपली, चुकलेले प्रश्न वहीत चिकटवणारे आपणच. शाळा सुरू झाली की हे सगळं हातातून सोडायचं असतं. मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने मुलाच्या तयारीपेक्षा आपल्या सोडण्याच्या तयारीचे आहेत, आणि ते जेमतेम पुरतात.

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी शब्दांचा घोळही सोडवते. इथं ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे जुनी, नावाजलेली खासगी शाळा. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे फी घेणारी कोणतीही खासगी शाळा. ‘ग्रामर’ शाळाही परीक्षा घेतात, पण त्या सरकारी आणि मोफत असतात. अख्ख्या इंग्लंडमध्ये त्या १६३ आहेत. गावाकडे कुणी विचारलं, ‘म्हणजे कॉन्व्हेंट का?’ तर हो म्हणून टाका.

मार्च: सही करण्याआधी

खासगी शाळांना होकार कळवण्याची मुदत बहुतेक वेळा मार्चच्या पहिल्या आठवड्यात असते. सरकारी सेकंडरी शाळांचा निकाल १ मार्चला, किंवा त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी, लागतो, त्यामुळे ३१ ऑक्टोबरच्या आत कौन्सिलकडे अर्ज केला असेल तर ग्रामरची जागा मिळाली की नाही हे सही करण्याआधी कळतं. दोन्हींपैकी जी नको असेल ती लगेच सोडा. आपण धरून ठेवलेल्या जागेकडे वेटिंग लिस्टवरचं कुणाचं तरी मूल डोळे लावून बसलेलं असतं.

अ‍ॅक्सेप्टन्स फॉर्म हा करार आहे, प्रवेशपत्र नव्हे. फ्लॅटचा करार वाचता तसा वाचा. दोन कलमं नक्की शोधा. पहिलं डिपॉझिटचं: विचार बदलला तर ते बुडतं, आणि ठरावीक तारखेनंतर बदलला तर वर एका टर्मची फीही मागू शकतात. दुसरं नोटिशीचं: शाळा सोडायची असेल तर साधारणपणे एक पूर्ण टर्म आधी लेखी कळवावं लागतं. म्हणजे नाताळला काढायचं असेल तर शरदातली, म्हणजे सप्टेंबरची, टर्म सुरू व्हायच्या आत. ‘आधी एक टर्म पाहू, नाही जमलं तर बघू’ हा आपला हिशेब या कलमावर आपटतो.

पैशांबद्दल तोंडावर बोलायची आपल्याला सवय नाही, पण नवराबायकोंनी तरी बोलावं. लंडनमधल्या नावाजलेल्या डे स्कूलची (म्हणजे वसतिगृह नसलेल्या शाळेची) फी व्हॅटसह वर्षाला साधारण २५ ते ३५ हजार पौंडांच्या घरात जाते. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो. फी दरवर्षी वाढते आणि ए-लेव्हलपर्यंत, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत, सात वर्षं भरायची असते. शाळेची बस, जेवण, वाद्याची शिकवणी, सहली हे बहुधा वेगळं. आम्ही एका रविवारी सात वर्षांची बेरीज कागदावर मांडली. नंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर काय, हा रकानाही त्या कागदावर हवा. स्कॉलरशिप आणि बर्सरी एक नव्हेत: पहिली हुशारीसाठी आणि बऱ्याचदा नावापुरती, दुसरी उत्पन्न पाहून दिली जाते आणि दरवर्षी नव्यानं तपासली जाते. बर्सरी मागण्यात कमीपणा नाही. ती द्यायचीच असते म्हणून शाळा ती ठेवते.

एप्रिल–मे: फॉर्म, आणि त्यातलं नाव

मग फॉर्मांचा पाऊस पडतो. वैद्यकीय माहिती, फोटोला परवानगी, आहार, बस, वाद्य. बाकीचे भरालच. मी थांबणार आहे ती एकाच चौकटीपाशी, कारण ती आपल्याच लोकांना नडते.

आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं. भारतीय पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाच्या नावाला जोडूनच छापलेलं असतं. शाळेच्या ऑफिसातली व्यक्ती पासपोर्टच्या प्रतीवरून दोन्ही नावं जशीच्या तशी टाईप करते आणि हजेरीत ती तशीच उतरतात. आमच्या लेकीला एका विषयाचे सर पहिल्या आठवड्यापासून तिच्या बाबांच्या नावानं हाक मारत होते. तीही ‘येस सर’ म्हणत होती. मोठ्या माणसाची चूक काढणं उद्धटपणाचं वाटेल, अशी भीती. तीन आठवडे आमच्या घरातला कर्ता पुरुष इयर सेव्हनच्या वर्गात हजर होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. कळलं ते वहीवरून. लेबलवर सरांच्या अक्षरात नवऱ्याचं नाव.

म्हणून दोन कामं करा. फॉर्मवर ‘प्रिफर्ड नेम’ किंवा ‘नोन अ‍ॅज’ अशी चौकट असते, तिथं फक्त मुलाचं नाव लिहा. कायदेशीर नावाच्या चौकटीत मात्र पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर तसंच ठेवा, पुढे जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या) प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. दुसरं काम मुलाचं. आपलं नाव दुसऱ्याला नीट सांगण्याचा सराव करून घ्या. मृण्मयी असो की ज्ञानेश, पहिल्या दिवशी आठ-दहा शिक्षक ते नाव आठ-दहा प्रकारे म्हणणार. हसून, न लाजता, ‘अ‍ॅक्चुअली, इट्स…’ म्हणून ते हळू दोनदा म्हणायचं. घरात बाबा शिक्षक, मूल विद्यार्थी, असं नाटक करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सात वर्षं पुरतं. सोय म्हणून नावाचं ‘मायरा’ किंवा ‘जॅक’ करू नका. मूल स्वतःहून टोपणनाव निवडत असेल तर ते त्याचं.

वैद्यकीय फॉर्मवर दमा, अ‍ॅलर्जी, चष्मा, सगळं लिहा. ‘उगाच डाग नको’ म्हणून लपवणारे पालक मी पाहिलेत. जागा मिळालेली आहे. आता लपवून फक्त शाळेच्या नर्सची पंचाईत होते.

जून: इंडक्शन डे

एक दिवस मुलांना शाळेत बोलावतात, फॉर्म ट्युटर म्हणजे वर्गशिक्षक भेटतात, हाऊस म्हणजे शाळेतला गट ठरतो. घरी आल्यावर ‘किती मैत्रिणी झाल्या?’ हा प्रश्न विचारू नका. ‘जेवायला काय होतं?’ असं विचारा, बाकीचं आपोआप बाहेर येतं.

तुमचं मूल सरकारी प्रायमरीतून जात असेल तर त्या दिवशी त्याला एक धक्का बसू शकतो. प्रेप स्कूलमधून, म्हणजे खासगी प्रायमरीतून, आलेली मुलं एकमेकांना ओळखतात, त्यांनी लॅटिन किंवा फ्रेंच आधीच केलेलं असतं, हॉकी स्टिक कशी धरतात हे त्यांना ठाऊक असतं. हे अंतर हुशारीचं नाही, सवयीचं आहे, आणि शाळा बहुतेक विषय पहिल्यापासूनच सुरू करते. मुलाला हे जूनमध्येच सांगून ठेवा. सप्टेंबरात सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखी वाटते.

युनिफॉर्म

नवीन सगळं घेऊ नका. जवळपास प्रत्येक शाळेत पालकांची संघटना जुन्या युनिफॉर्मची विक्री करते, बहुधा जून-जुलैमध्ये. एका वर्षात बाही तोकडी झालेला ब्लेझर तिथं निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. पहिल्या वेळी आम्ही गेलो नाही. ‘पहिल्याच वर्षी जुनं कसं घालायचं’ म्हणून. दुकानात बिल झाल्यावर मागच्या रांगेतली एक इंग्रज बाई आपल्या मुलाला म्हणाली, ‘आपण सेकंडहँडला जाऊ.’ गाडी तिची आमच्यापेक्षा मोठी होती.

ब्लेझर एक माप मोठा, बूट मात्र बरोबर मापाचे आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. सहा आठवड्यांत पाय वाढतो. खेळाच्या यादीतला माउथगार्ड आणि शिनपॅड विसरू नका. रग्बीला किंवा हॉकीला माउथगार्डशिवाय बऱ्याच शाळा मैदानावर उतरू देत नाहीत.

नावाची लेबलं प्रत्येक वस्तूवर, मोज्यांवरसुद्धा. आपण लहानपणी जूनच्या पावसात नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालून लेबलं चिकटवत बसायचो, तसंच हे काम. एक संध्याकाळ, सगळे मिळून, चहा-भजी. फक्त शिवणं मुलाला शिकवा आणि निम्मी लेबलं त्याच्याकडूनच लावून घ्या. हरवलेला स्वेटर लॉस्ट प्रॉपर्टीच्या ढिगातून हुडकायला उद्या तुम्ही तिथं नसणार.

प्रवास: त्याच दिवशी, त्याच वेळी

प्रायमरीपर्यंत आपण सोडतो, आणतो. इयर सेव्हनपासून बहुतेक मुलं एकटी किंवा घोळक्यानं जातात. लंडनमध्ये असाल तर ११ ते १५ वयाचं झिप ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड उन्हाळ्यातच काढा: बस आणि ट्रामचा प्रवास फुकट होतो, ट्यूबला मुलांचं भाडं लागतं. फोटो आणि पासपोर्ट लागतो, कार्ड टपालानं येतं, म्हणून ३० ऑगस्टवर ठेवू नका.

रस्त्याचा सराव करा असं सगळेच सांगतात. आम्हीही केला, ऑगस्टमध्ये, चार वेळा. आम्ही पिनरला राहतो, शाळा फिंचली रोडच्या बाजूला, मेट्रोपॉलिटन लाइनवर सरळ प्रवास. दुपारी बाराला निघायचं, एक सँडविच खायचं, परत यायचं. चौथ्या वेळी लेक पुढच्या डब्यात आणि मी मागच्या. झकास पार पडलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पाचला फोन. ‘आई, पिनर आलंच नाही.’ ती मूर पार्कच्या प्लॅटफॉर्मवर उभी होती. या लाइनवर गर्दीच्या वेळी फास्ट गाड्या धावतात. संध्याकाळी बाहेर जाणारी फास्ट हॅरो-ऑन-द-हिलनंतर थेट मूर पार्कलाच थांबते. मधली नॉर्थ हॅरो, पिनर, नॉर्थवूड हिल्स, नॉर्थवूड सगळी गाळते. दुपारी बाराला फास्ट गाडी नसतेच, त्यामुळे आमच्या चारही फेऱ्यांत ती भेटली नव्हती. चूक सर्वस्वी आमची. मुंबईत वाढलेल्या माझ्या नवऱ्याला तर हे सुचायलाच हवं होतं. चर्चगेटला आयुष्य घालवलेला माणूस स्लो-फास्ट विसरला, म्हणून त्याला अजून टोमणे बसतात.

तेव्हा सराव कामाच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला, पूर्ण भरलेलं दप्तर पाठीवर घेऊन करा. जाण्याचाही आणि येण्याचाही. मग मुद्दाम एकदा चुका: एक स्टेशन पुढे जा आणि ‘आता काय?’ एवढंच विचारा. उतरायचं, समोरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, परत यायचं, आधी फोन नाही केला तरी चालतं. बस रद्द झाली तर, कार्ड हरवलं तर, फोनची बॅटरी संपली तर, हे तीन प्रसंगही बोलून ठेवा. आईचा नंबर पाठ असायला हवा. आजकाल कुणाचाच कुणाला पाठ नसतो. लेकीला मूर पार्कहून परत यायला पंचवीस मिनिटं लागली. घरी आली तेव्हा ती खुशीत होती आणि रडून रडून डोळे माझे सुजले होते.

ऑगस्ट: काय शिकवायचं, काय नाही

ट्यूशन बंद करा. मला ठाऊक आहे, हे वाक्य आपल्या मंडळींना सर्वात जड जातं. ‘इयर सेव्हनचं गणित थोडं पुढे करून ठेवू’ म्हणून ऑगस्टभर वर्कशीटं सोडवणारी मुलं सप्टेंबरात वर्गात कंटाळतात आणि ऑक्टोबरात दमतात. दोन वर्षं शर्यत धावलेलं मूल आहे, त्याला श्वास घेऊ द्या. वाचायला हवं ते, कोणत्याही भाषेत, वाचू द्या. कॉमिक्ससुद्धा.

त्याऐवजी हाताची कामं शिकवा. टायची गाठ, आरशाशिवाय. नाडीचे बूट. पाच मिनिटांत खेळाचे कपडे बदलून ओले कपडे पिशवीत कोंबणं, कारण पीईनंतर तेवढाच वेळ मिळतो. काटा-चमच्यानं जेवणं. टायपिंग. आणि रात्री दुसऱ्या दिवसाचं दप्तर स्वतः भरणं. बऱ्याच शाळांचं वेळापत्रक दोन आठवड्यांचं असतं, ‘वीक ए’ आणि ‘वीक बी’. ते छापून फ्रीजवर लावा. मग दप्तराला हात लावायचा नाही. वही विसरली तर विसरली. हॉकी स्टिक घरी राहिली म्हणून मी एकदा ऑफिसातून सुट्टी घेऊन ती शाळेच्या गेटवर पोचवली. रिसेप्शनवरची बाई गोड हसून म्हणाली, ‘पहिलं मूल वाटतं?’

शेवटच्या दोन आठवड्यांत झोपेची वेळ थोडीथोडी अलीकडे आणा. भारतात सुट्टीला गेलात तर निदान आठवडाभर आधी परत या. ३१ ऑगस्टच्या रात्री हीथ्रोला उतरून ३ सप्टेंबरला शाळेत जाणारी मुलं लगेच ओळखू येतात.

डबा नाही

बऱ्याच खासगी शाळांत जेवण शाळेचंच असतं, डबा चालत नाही. शाकाहारी असाल तर आहाराच्या फॉर्मवर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नका. अंडी, मासे, बीफ, काय चालतं आणि काय नाही ते एकेक लिहा. खरी तयारी मात्र मुलाची. जेलीत आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेला पदार्थ; वाढणाऱ्या काकांना ‘यात जिलेटिन किंवा बीफ आहे का?’ असं विचारता आलं पाहिजे. धाकटा पहिल्या महिन्यात रोज जॅकेट पोटॅटो आणि चीज खाऊन येत होता. मग एक दिवस म्हणाला, ‘इथं दाल असते, पण ती आपली नसते.’ घरी आल्यावर साडेचार वाजता वरण-भात तयार ठेवा. ती वेळ गप्पांचीही आहे.

फोन

नियम शाळेगणिक वेगळे, पण कल कडक होण्याकडेच आहे. ईटन या नावाजलेल्या बोर्डिंग शाळेनं २०२४ मध्ये नव्यानं येणाऱ्या मुलांना स्मार्टफोनऐवजी साधा नोकिया देण्याचं ठरवलं, तेव्हापासून साधा फोन देणं मागासलेपणाचं राहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी किमान वय १३ आहे. तरीही वर्गाचा ग्रुप पहिल्याच आठवड्यात तयार होतो आणि रात्री दहाला त्यात दोनशे मेसेज पडतात. आम्ही नियम एकच ठेवला: फोन रात्री स्वयंपाकघरात झोपतो. आमचेही. हा दुसरा भाग नसता तर पहिला टिकला नसता.

सप्टेंबर: पहिला नंबर नाही

पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच शाळा मिडयिस किंवा कॅट-फोरसारखी चाचणी घेतात. तिची तयारी करायची नसते. मूल कुठून सुरुवात करतंय हे शाळेला पाहायचं असतं, आणि फुगवलेला आकडा नंतर मुलाच्याच मानगुटीवर बसतो.

गृहपाठाला ‘प्रेप’ म्हणतात. साधारण दोन-तीन विषय, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटं. वेळ संपला की वही मिटायची आणि ‘अर्ध्या तासात एवढंच झालं’ असं खाली लिहायचं. शिक्षकांना तेच हवं असतं. आपण शेजारी बसून तीन तासांत सोन्यासारखी केलेली प्रेप त्यांना काहीच सांगत नाही.

आता खरी गोष्ट. तुमचं मूल प्रायमरीत पहिलं होतं. या वर्गातलं प्रत्येक मूल आपापल्या शाळेत पहिलंच होतं. कुणीतरी पंधरावं येणार, कुणीतरी विसावं, आणि ते तुमचं असू शकतं. गंमत अशी, की बहुतेक शाळा नंबर सांगतच नाहीत. रिपोर्टवर ‘एफर्ट’ची श्रेणी असते आणि दोन सभ्य वाक्यं. सांगलीहून आजोबांचा प्रश्न ठरलेला: ‘कितवी आली?’ आम्ही पहिल्या वर्षी या प्रश्नानं कासावीस झालो. शिक्षकांच्या भेटीत एकीला तर विचारूनच टाकलं. ही भेट ऑनलाइन असते, दर विषयाला पाच मिनिटं, कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतं आणि वेळ संपताच समोरचा माणूस वाक्याच्या मध्येच नाहीसा होतो. त्या शिक्षिकेनं माझा प्रश्न ऐकला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ती वर्गात हात वर करत नाही, त्याबद्दल बोलूया का?’ पुढच्या वेळी याच प्रश्नानं सुरुवात करा: वर्गात बोलते का, अडलं तर विचारते का, जेवायला कुणाबरोबर बसते.

आपल्या मुलांकडे एक ठेव असते आणि ती आपल्यालाच दिसत नाही. लेक लॅटिनला घाबरली होती. प्रेप स्कूलवाल्या मुलींनी ते आधी केलेलं, आणि हिच्यासमोर एका नामाच्या रूपांचा तक्ता: मेन्सा, मेन्साम, मेन्साय. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती घोकत असताना आजी पलीकडून ऐकत होत्या. त्या संस्कृत शिकवायच्या. म्हणाल्या, ‘अगं, मेन्साम ना? म आला, म्हणजे द्वितीया. रामः, रामम्. तसंच.’ मग दोघींनी तक्ता वाटून घेतला. जेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, डेटिव्ह म्हणजे चतुर्थी, अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे पंचमी आणि शिवाय तृतीयेचं कामही तिच्याच गळ्यात. ‘गरीब भाषा आहे गं,’ आजी म्हणाल्या, ‘विभक्त्या पुरल्या नाहीत.’ विभक्ती म्हणजे काय हे ज्याला घरी कळलंय, त्याला लॅटिन अर्धं आलं.

गणपती आणि शनिवार

शाळा सुरू होते आणि पाठोपाठ गणपती येतात. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे टर्मच्या अगदी सुरुवातीला. सुट्टी हवी असेल तर आठवडाभर आधी लेखी मागा आणि कारण सरळ लिहा: धार्मिक सण, एक दिवस. अशी एक दिवसाची परवानगी बहुधा मिळते. पोटदुखीचा खोटा ईमेल पाठवू नका, दुसऱ्या दिवशी मूल वर्गात मोदकांचं वर्णन करणारच. त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, ते सोपं जाईल.

शनिवार कठीण आहे. शाळेच्या संघात निवड झाली की सामने शनिवारी सकाळी, आणि शनिवार-रविवारीच मराठीचा वर्ग, तबला, मंडळाची नाटकाची तालीम. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी अकरा-बारा वर्षांची मुलं एकदम कमी झालेली दिसतात, त्याचं कारण हेच. आम्ही सामना ठेवला, तबला सोडला, आणि मराठीचा वर्ग नाही म्हटल्यावर घरात इंग्रजी बोलणाऱ्याकडून दहा पेन्स घ्यायला सुरुवात केली. दंडाचा तो डबा सर्वात जास्त मीच भरला.

स्कीइंगचा प्रश्न

कधीतरी, बहुधा गाडीत मागच्या सीटवरून, प्रश्न येतो. आमच्याकडे ऑक्टोबरात आला. ‘आई, आपण गरीब आहोत का?’ वर्गात सुट्टीचं बोलणं चाललेलं, कुणी आल्प्सला स्कीइंग, कुणाचं फ्रान्समध्ये घर. नवरा म्हणाला, ‘नाही. पण आपले पैसे तुझ्या शाळेत जातात आणि सुट्टीत आपण सांगलीला जातो.’ थोड्या वेळानं मागून आवाज आला, ‘त्यांच्याकडे ऊस नसतो ना?’ विषय तिथं संपला, पण दरवर्षी थोडासा उघडतो. खरं उत्तर द्या, आकड्यांसकट. अकरा वर्षांच्या मुलाला बजेट समजतं. शाळेची महागडी सहल ऐच्छिक असेल तर नाही म्हणता येतं. बरेच पालक म्हणतात, फक्त बोलत नाहीत.

हाफ-टर्मपर्यंत

हाफ-टर्मपर्यंत, म्हणजे टर्मच्या मधल्या ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत, मूल दमलेलं, चिडचिडं आणि कधी रडवेलं असणं हा नियम आहे, अपवाद नव्हे. पहिल्या सहा आठवड्यांतल्या मैत्र्या बहुतेक टिकत नाहीत, त्यामुळे त्या तुटल्या म्हणून घाबरू नका. मात्र मूल जेवेनासं झालं, रविवारी रात्री दर वेळी पोट दुखू लागलं, किंवा मधल्या सुट्टीत कुठं असतो हे सांगेनासं झालं, तर हाफ-टर्मची वाट न पाहता फॉर्म ट्युटरला ईमेल करा. तक्रारीचा सूर नको. चार ओळी पुरतात: घरी असं दिसतंय, तुम्हाला काय दिसतं? उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी हेड ऑफ इयरला, म्हणजे त्या इयत्तेच्या प्रमुखांना.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी खेळाची बॅग अंगणात वर्तमानपत्रावर उलटी करा, शक्यतो तोंडाला रुमाल बांधून. धाकट्याच्या बॅगेतून एक ओला मोजा, दुसऱ्याच कुणाच्या नावाचा शर्ट, सप्टेंबरातल्या पालकसभेचं पत्र आणि तळाशी काळं पडलेलं एक केळं निघालं. केळ्यावर नावाचं लेबल होतं.